प्रत कोणाकडे आहे?

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच संध्याकाळी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. त्या दिवसाविषयी लिहिताना पुस्तकांचे काय झाले, हे सांगायला आजही संकोच वाटतो. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्यापुढे भिजलेल्या कागदाची काय कथा? तरी सांगतो, कारण पुढचा सगळा शोध तिथूनच सुरू झाला.

पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी मी गुरुजींकडे गेलो. गुरुजी म्हणजे पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून हयात घालवलेले शिक्षक. त्यांनी एकच कादंबरी लिहिली. मुंबईच्या गिरणीत गेलेला चाकरमानी, गावाकडे मनीऑर्डरची वाट पाहणारी त्याची बायको आणि १९८२ च्या संपानंतर रिकाम्या हाताने परत आलेला तोच माणूस, असा तिचा विषय. १९९८ मध्ये मुंबईच्या एका छोट्या प्रकाशकाने तिच्या हजार प्रती काढल्या. पुढे तो प्रकाशक राहिला नाही. उरलेल्या नव्वदेक प्रती गुरुजींनी टेम्पोत घालून महाडला आणल्या आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या. त्यांनी नाव न छापण्याच्या अटीवर हे लिहायची परवानगी दिली आहे, म्हणून त्यांचे किंवा कादंबरीचे नाव इथे येणार नाही.

"पुस्तकांचं जाऊ दे रे, माणसं गेली," असे म्हणून त्यांनी ट्रंक उघडली. आत नव्वद पुस्तके नव्हती, एकच ठोकळा होता. हस्तलिखितही त्यातच होते. मी विचारले, "दुसरी प्रत कोणाकडे आहे?" गुरुजी बराच वेळ आठवत बसले आणि म्हणाले, "असेल कुणाकडे तरी."

पुस्तक टिकते म्हणजे नेमके काय होते, याचा विचार मी तोवर केला नव्हता. गेल्या काही वर्षांत मराठी कादंबरी कागदावरून पडद्यावर आली. त्याविषयी बोलताना आपण बहुधा दोनच गोष्टी विचारतो: वाचायला बरे वाटते का, आणि लेखकाला पैसे किती मिळतात? ट्रंकेपाशी उभा असताना मला तिसरा प्रश्न महत्त्वाचा वाटला. प्रत किती जणांच्या हाती आहे आणि ते हात एकमेकांपासून किती लांब आहेत? या लेखात मी त्या प्रश्नाच्या मागे गेलो आहे.

तंजावरची पोथी

पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या हयातीत त्यांनी संस्कृतात रचलेले 'शिवभारत' हे शिवचरित्राचे अव्वल साधन मानले जाते. कवीची समाधी आमच्या तालुक्याशेजारी असली, तरी ग्रंथ सापडला तो तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. भोसल्यांची एक शाखा तिकडे राज्य करीत होती आणि सरफोजीराजे दुसरे यांनी हौसेने पोथ्या जमवल्या होत्या, म्हणून ती नक्कल तिथे राहिली. सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७ मध्ये ती मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केली. तीही अपुरी, बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच काव्य तुटते.

रायगड पडला, दप्तरे जळाली, राजवटी बदलल्या, पण दूर दक्षिणेत कोणीतरी नक्कल करून ठेवल्यामुळे ग्रंथ वाचला. हस्तलिखितांच्या काळात नक्कल करणे कष्टाचे होते, त्यामुळे प्रती थोड्या. छापखान्याने हे चित्र बदलले. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले, १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना उभा केला, आणि एका खेपेत शेकडो प्रती निघून गावोगाव जाऊ लागल्या.

छपाईबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे प्रत जमा करण्याची सक्ती. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेली ग्रंथालये यांना द्यायची असते. सगळे देतात असे नाही. तरी तत्त्व नीट लक्षात घ्यावे: एक पुस्तक, चार शहरे. त्या कायद्यातील पुस्तक हे छापलेले पुस्तक आहे. केवळ ई-पुस्तक म्हणून निघालेल्या कादंबरीची प्रत कुठे जमा करायची, हे तो सांगत नाही. मराठीत आज अशा कादंबऱ्या रोज निघत आहेत.

हप्त्याहप्त्याने कादंबरी

ई-पुस्तकाने आणलेल्या सगळ्याच गोष्टी नव्या नाहीत. मोबाइलवर रोज एक भाग टाकायचा, वाचकांनी खाली अभिप्राय लिहायचे आणि लेखकाने पुढचा भाग रचायचा, ही रीत २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या मंचांमुळे रुळली. हरि नारायण आपट्यांना ती पाहून नवल वाटले नसते. त्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केले आणि आपल्या बहुतेक कादंबऱ्या त्यात हप्त्याहप्त्याने छापल्या. 'पण लक्षात कोण घेतो?' ही वाचकांनी आधी आठवड्याआठवड्याला वाचली, पुस्तक मागून आले.

हरिभाऊंचे उदाहरण आमच्या भागाला आणखी एका कारणाने जवळचे आहे. त्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही १९०३ ची कादंबरी तानाजी मालुसऱ्यांवर आहे आणि तानाजींचे उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे. हरिभाऊ १९१९ मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क कधीच संपला, त्यामुळे त्यांच्या जुन्या आवृत्त्यांच्या स्कॅन प्रती आज इंटरनेटवर फुकट मिळतात. उमरठच्या चढावर जिथे मोबाइलला रेंज येते तिथे बसून एखादा मुलगा ती कादंबरी उतरवून घेऊ शकतो. त्यासाठी त्याला महाडला यायला नको, सभासद व्हायला नको, अनामत भरायला नको. पाच-पन्नास मैलांत वाचनालय नसलेल्या वाचकाला हे किती मोठे आहे, ते अशा गावात राहिलेल्यालाच कळेल.

दऱ्यांचा दर्या झाला

गुरुजींच्या कादंबरीकडे परत येतो. शोधता शोधता दोन गोष्टी हाती लागल्या. पहिली, १९९८ मध्ये अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांकडे एक सीडी निघाली. दुसरी, घाटावरच्या एका तालुक्याच्या वाचनालयात कादंबरीची छापील प्रत सापडली. दाखल-क्रमांकाचा शिक्का, मागे तारखांची पट्टी. २००९ नंतर कोणी ती नेली नव्हती. ग्रंथालयांच्या अनुदानित खरेदीत तेव्हा काही प्रती गेल्या होत्या, त्यातली ही एक. त्या खरेदीवर आपण साहित्यिक मंडळी खूप टीका करतो, आणि टीकेला जागाही आहे. पण तिच्यामुळे एक प्रत पुराच्या रेषेपासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे जाऊन बसली होती.

सीडी उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे आली. संगणकावर मराठी कशी आली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे कारण ठाऊक असेल. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली, १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्येही देवनागरीला जागा मिळाली. छपाईचा व्यवहार मात्र पुढची पंधरा-वीस वर्षे निराळ्या वाटेने चालला. श्री-लिपी, आकृती यांसारख्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. कागदावर अक्षर देखणे उमटे. पण संगणकाच्या लेखी ते 'क' नसून भलतेच काही असे. फाँट गेला की मजकूर गेला. मराठी ई-पुस्तक इतके उशिरा आले, त्यामागे प्रकाशकांची अनास्था जितकी आहे तितकाच हा तिढाही आहे. घरात फायली होत्या, पण त्यात भाषा नव्हती. अक्षरांची चित्रे होती.

आम्ही परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणला. नव्वद टक्के बरोबर आला आणि उरलेल्या दहा टक्क्यांनी चार महिने खाल्ले. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. त्यामुळे जिथे वेलांटी आणि रफार एकत्र येतात, तिथे परिवर्तक अडखळतो. 'निर्मिती', 'मार्मिक', 'आर्थिक' असे शब्द पानोपानी मोडले होते. सर्वांत गमतीचा घोळ अर्ध्या 'र'चा. 'दऱ्या' सरसकट 'दर्या' झाल्या होत्या. सह्याद्रीच्या दऱ्यांत वाढलेली नायिका पहिल्याच पानावर सह्याद्रीच्या दर्यात उतरली. गुरुजी खूप दिवसांनी हसले. म्हणाले, "बरोबरच आहे. बावीस जुलैला तेच झालं."

या दुरुस्तीला घाटावरची प्रत नसती, तर आम्ही अडलोच असतो. मूळ शब्द 'वार्‍या' की 'वार्ता', हे पुसट जागी कागदच सांगत होता. दोन प्रतींनी एकमेकींना सांभाळले.

पाने मोजणारे दुकान

मराठी ई-पुस्तकाची बाजारपेठ तोवर उभी राहिली होती. पुण्याच्या बुकगंगाने मराठी ई-पुस्तकांची विक्री रुजवली होती. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या-जुन्या लेखकांची पुस्तके पीडीएफ करून वाचकांना विनामूल्य पाठवीत होते. अ‍ॅमेझॉनचे किंडल दुकान भारतात ऑगस्ट २०१२ मध्ये उघडले. मराठी पुस्तकांना तिथे रीतसर जागा मिळाली डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेलने मराठीत बोलती पुस्तके आणली आणि अनेक कादंबऱ्या कानांवाटे पुन्हा वाचकांकडे गेल्या.

गुरुजींनी पुतण्याच्या मदतीने एका मोठ्या ऑनलाइन दुकानात खाते उघडले. पॅन कार्ड, बँकेचा तपशील आणि वर अमेरिकेच्या करखात्यासाठी एक फॉर्म. "आयुष्यभर तहसील कचेरीचे फॉर्म भरले, आता हाही भरतो," म्हणाले. कादंबरी विक्रीला लागली. पहिल्या सहा महिन्यांत सतरा प्रती विकल्या गेल्या. १९९८ मध्ये मानधन म्हणून त्यांना पंचवीस प्रती मिळाल्या होत्या, पैसे नाहीत. त्या मानाने ही रक्कम रोख होती, इतकेच.

पैशांपेक्षा गुरुजींना दुसऱ्याच गोष्टीने धरून ठेवले. मासिक वर्गणी भरून वाचणाऱ्यांनी त्यांच्या कादंबरीची किती पाने वाचली, याचा रोजचा आकडा खात्यावर दिसे, आणि तोही देशवार. एका रात्री ब्रिटनच्या रकान्यात ३८ पाने दिसली. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. गुरुजींनी छापील पानांशी हिशेब जुळवून अंदाज बांधला की वाचक संपाच्या प्रकरणावर थांबला. "तिथं मी फार भाषण केलंय का रे?" त्यांनी विचारले. चौथ्या दिवशी आकडा पुन्हा हलला आणि आठवड्याभरात पुस्तक संपले. तो वाचक कोण, हे कधीच कळणार नाही. पण वीस-बावीस वर्षांत प्रथमच या लेखकाला आपली कादंबरी कोणीतरी वाचत असल्याचे, वाचता वाचता दिसत होते. हरिभाऊंना पत्रे येत असतील, दाद मिळत असेल. वाचक कुठे थांबला हे त्यांनाही दिसले नाही.

विकत घेतले, पण मिळाले का?

इथवर सगळे चांगले वाटत होते. माझ्या वहीतला प्रश्न मात्र तसाच होता. आता प्रत कोणाकडे आहे?

अ‍ॅमेझॉनच्या स्वयंप्रकाशन योजनेत भारतातील विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल, तर पुस्तक एका खास योजनेत घालावे लागते. तिच्यात ९० दिवसांच्या मुदतीपर्यंत तेच ई-पुस्तक अन्यत्र कुठेही ठेवता येत नाही, फुकटसुद्धा नाही. छापील पुस्तकावर दहा-पंधरा टक्क्यांची सवय असलेल्या लेखकाला ७० टक्के मोठे वाटणारच. पण याचा अर्थ असा की पडद्यावरची कादंबरी एकाच घरात राहते. वाचकानेही पैसे भरून घेतलेली असते ती प्रत नव्हे. त्याला वाचण्याची परवानगी मिळालेली असते. जुलै २००९ मध्ये काही अमेरिकी वाचकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलचे '१९८४' परस्पर नाहीसे झाले. ते पुस्तक ज्याने दुकानात ठेवले, त्याच्याकडे हक्क नव्हते. कंपनीने पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा वाचकांनी घेतलेली पुस्तकेही गेली. तिथेही पैसे परत मिळाले. पैसे परत मिळणे आणि पुस्तक राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठीतही असे घडते, फक्त त्याची बातमी होत नाही. गुरुजींच्या एका लेखकमित्राच्या दोन कादंबऱ्या एका मोबाइल अ‍ॅपवर निघाल्या होत्या. टंकन अ‍ॅपवाल्यांनीच केले. काही वर्षांत अ‍ॅपचा पुस्तक विभाग मिटला. लेखकाकडे फाइल नव्हती, वाचकांच्या फोनवरून पुस्तके गेली. छापील आवृत्ती कधी निघालीच नव्हती. त्या दोन कादंबऱ्या आज कुठेही नाहीत. आमच्याकडे निदान पूर आला होता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत व्हॉट्सअ‍ॅपवरून मराठी पुस्तकांच्या पीडीएफ बेसुमार फिरल्या. प्रकाशकांनी निषेध केला, आणि तो रास्त होता. जिवंत लेखकाच्या ताटातला घास काढून घेणे हे वाचनप्रेम नव्हे. तरी इतिहासाच्या वहीत एक नोंद करावी लागते. बेकायदा फिरलेल्या त्या पुस्तकांच्या प्रती आज हजारो फोनमध्ये आहेत आणि नियम पाळून एकाच दुकानात ठेवलेल्या पुस्तकाची एकच. हे समर्थन नाही. आपली कायदेशीर व्यवस्था किती अपुरी आहे, याचे हे मोजमाप आहे.

सर्वांत वाईट अवस्था मधल्या पिढीची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. मृत्यूनंतर ६० वर्षांचा नियम असल्याने २०११ पासून त्यांची पुस्तके सर्वांची झाली. पण आमच्याच रायगड जिल्ह्यातील शेतकरी-कातकऱ्यांचे जग कादंबरीत आणणारे र. वा. दिघे १९८० मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरील हक्क २०४० अखेरपर्यंत राहतील. त्यांच्यासारख्या नामवंताला प्रकाशक मिळू शकतो. त्याच काळात एक-दोन कादंबऱ्या लिहून गेलेल्या तालुक्यातालुक्यांतल्या लेखकांचे काय? प्रकाशक बुडालेला, वारस पांगलेले, आवृत्ती संपलेली. फुकट ठेवता येत नाही आणि विकायला कोणी नाही. कायदा मोकळा होईपर्यंत कागद टिकेल, याची खात्री आमच्या पावसाळ्यात कोण देईल?

साठ प्रती

मुदत संपल्यावर गुरुजींनी कादंबरी त्या खास योजनेतून काढली. मानधनाचा दर निम्म्यावर आला. त्यांनी ती आणखी दोन ठिकाणी विक्रीला ठेवली, पीडीएफ मागेल त्या ग्रंथालयाला मोफत देण्याचे पत्र सहीनिशी लिहिले, आणि मागणीनुसार छपाईच्या सोयीने साठ प्रती छापून घेतल्या. मला वाटले, महाडच्या वाचनालयांना देतील. त्यांनी महाडला दोनच दिल्या. बाकीच्या सातारा, वाई, सोलापूर, नागपूर, बेळगाव अशा पाठवल्या. मी विचारले तर म्हणाले, "इथं दहा ठेवल्या तर दहाही एकाच पुरात जातील. परमानंदांची तंजावरला होती म्हणून राहिली, हे तूच सांगितलंस ना?"

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची एकट्याच्या जिद्दीने केली. तेवढी माझी कुवत नाही. मी फक्त महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील लेखकांच्या पुस्तकांची वही करतो आहे. तिच्यात लेखक, पुस्तक आणि साल यांच्यापुढे दोन रकाने जादा आहेत: 'कागदी प्रत कोणाकडे' आणि 'फाइल कोणाकडे'. गुरुजींच्या कादंबरीपुढचे दोन्ही रकाने आता भरून समासात गेले आहेत. त्याच पानावर इतर बहुतेक ओळींपुढे पहिल्या रकान्यात एखादे नाव आहे, दुसऱ्यात काही नाही. काहींपुढे दोन्ही कोरे.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या कपाटात या दोन तालुक्यांतल्या लेखकाचे एखादे पातळ पुस्तक असेल, तर पाऊस लागण्याआधी ते खाली काढावे. प्रत मला नको. ती कोणाकडे आहे, तेवढे कळवावे.